युद्ध संपलं, पलटण मोडली: १११ वी महार्स आणि घरी परतलेले शिपाई
वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पहिल्या महायुद्धानंतर सरकारने गावोगावी लहानशा दगडी पाट्या बसवल्या. सातारा, रत्नागिरी, पुणे भागात अजूनही एखाद्या चावडीच्या किंवा जुन्या शाळेच्या भिंतीत अशी पाटी सापडते. तिच्यावर दोनच आकडे असतात: या गावातून १९१४ ते १९१९ च्या महायुद्धात किती माणसं गेली आणि त्यातली किती कामी आली. पहिल्यातून दुसरा वजा केला की उरतात ती परत आलेली माणसं, आणि त्यांचं पुढे काय झालं हे कुठल्याच पाटीवर नाही. खालचे प्रश्न त्यांच्यापैकी एका तुकडीबद्दल आहेत. शाळा-कॉलेजातली मुलं, घराण्याचा शोध घेणारे लोक आणि १ जानेवारीला कोरेगाव भीमाला जाऊन आलेले तरुण हे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात.

१११ वी महार्स ही कोणती पलटण?

ब्रिटिश हिंदी सैन्यात जून १९१७ मध्ये उभी केलेली पायदळाची पलटण. शिपाई महार समाजातले, बहुतेक मुंबई इलाख्यातले. युद्ध संपल्यावर १९२० मध्ये ती ७१ व्या पंजाबी पलटणीत मिसळली आणि एप्रिल १९२१ मध्ये मोडली. शिपायांच्या हातात डिस्चार्जचे कागद पडले. जेमतेम चार वर्षांची ही कथा, पण तिची मुळं शंभर वर्षं मागे जातात.

महार त्याआधी सैन्यात नव्हते का?

होते, आणि थोडेथोडके नव्हते. शिवकालापासून किल्ल्यांच्या पहाऱ्यावर आणि मेटांवर, म्हणजे किल्ल्याच्या वाटेवरच्या चौक्यांवर, महार असत. ईस्ट इंडिया कंपनीच्या मुंबई सैन्यात तर त्यांचा भरणा मोठा होता. १ जानेवारी १८१८ च्या कोरेगावच्या लढाईत कंपनीचे जे लोक पडले, त्यांची नावं तिथल्या स्तंभावर कोरली आहेत. एकूण ४९ नावं, त्यातली २२ महारांची. स्तंभाजवळ उभं राहून ती सावकाश वाचली तर शेवटी 'नाक' येणारी नावं ओळखू येतात. हा 'नाक' त्या काळी महारांच्या नावाला लागायचा. गावात ज्याला नावाने कोणी हाक मारत नव्हतं, त्याचं आणि त्याच्या बापाचंही नाव सरकारने दगडात कोरलं, ही गोष्ट पुढच्या शंभर वर्षांत अनेक अर्जांमध्ये पुन्हा पुन्हा आली.

मग भरती बंद कधी झाली आणि का?

१८९२-९३ च्या सुमारास. त्या वेळी लॉर्ड रॉबर्ट्स हिंदुस्थानचे सरसेनापती होते आणि 'लढवय्या जाती'चा सिद्धांत जोरात होता. काही जाती जन्मतःच लढाऊ आणि काही नाहीत, असं हे खूळ. शीख, गुरखे, पठाण, राजपूत लढाऊ ठरले, मद्रासी आणि महार नालायक ठरले. त्यातच मिश्र पलटणी मोडून जातवार पलटणी करण्याचं धोरण आलं. महार सुभेदाराला वरच्या जातीचा शिपाई सलाम कसा ठोकणार, असा युक्तिवाद होऊ लागला. याच सलामांवर मुंबईचं सैन्य तोवर दोन-तीन पिढ्या चाललं होतं, ते कोणी लक्षात घेतलं नाही.

मैदानावर कोणी हरलं नव्हतं, शिस्त मोडली नव्हती. जातीच्या नावापुढे फुली पडली आणि ज्या घरांत आजोबा, वडील, मुलगा असे सगळे पलटणीत असायचे, त्या घरांतल्या पुढच्या मुलाला भरतीच्या रांगेतून परत पाठवलं जाऊ लागलं.

लोकांनी हे मुकाट्याने सोसलं का?

नाही. याची माहिती फार कमी लोकांना असते, म्हणून थोडं सविस्तर लिहितो.

कोकणात दापोलीला सैन्याची छावणी होती. लोक तिला 'काप दापोली' म्हणत. पेन्शनर तिथे वस्ती करून राहत. महाडजवळच्या रावढळचे गोपाळबाबा वलंगकर १८८६ साली सैन्यातून निवृत्त होऊन दापोलीला आले. अस्पृश्यांच्या हक्कांसाठी झटणारी 'अनार्य दोषपरिहारक मंडळी' ही संस्था त्यांनीच काढली. भरती बंद झाल्यावर, १८९४ च्या सुमारास, त्यांनी मुंबई इलाख्याच्या सैन्याधिकाऱ्यांसाठी मोठा अर्ज तयार केला: आमच्या वाडवडिलांनी तुमच्यासाठी रक्त सांडलं, आता आम्हाला दार बंद का?

पुढे पुण्यात शिवराम जानबा कांबळे उभे राहिले. ते एका मेसॉनिक हॉलमध्ये, म्हणजे फ्रीमेसन मंडळाच्या सभागृहात, बटलरचं काम करत, वाचन अफाट. १९०३ साली सासवडला त्यांनी ५१ गावांतल्या महारांची सभा भरवली आणि १,५८८ सह्यांचा अर्ज सरकारला पाठवला. नामंजूर झाला. १९१० मध्ये जेजुरीला दख्खनच्या महारांची परिषद भरली आणि तिथून थेट लंडनला भारतमंत्र्यांकडे अर्ज गेला. त्यात मागणी काय होती? सैन्यात घ्या, पोलिसात घ्या, सरकारी नोकरीतल्या खालच्या जागा तरी द्या. सोबत कोरेगावच्या स्तंभावरच्या नावांची आठवण.

१,५८८ सह्या हा आकडा वाचताना मी दर वेळी थांबतो. १९०३ सालच्या महारवाड्यात सही करू शकणारी माणसं किती असतील? बाकीचे अंगठे. पण एकेक अंगठा गोळा करायला कोणीतरी उन्हातान्हात गावोगाव पायपीट केली असणार.

मग १९१७ मध्ये दार पुन्हा कसं उघडलं?

गरज पडली म्हणून. तेरा लाखांच्या आसपास हिंदी माणसं त्या युद्धासाठी समुद्रापार गेली आणि चौऱ्याहत्तर हजारांवर परत आली नाहीत. मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये, कुतच्या वेढ्यात मराठा पलटणींची दाणादाण उडाली. एप्रिल १९१६ मध्ये तिथल्या सैन्याने शरणागती पत्करली. 'लढवय्या' ठरवलेल्या जातींतून माणसं पुरेनाशी झाली तेव्हा आधी नाकारलेल्या अनेक जातींकडे सरकार वळलं. पंचवीस वर्षांच्या अर्जांनी जे झालं नाही ते माणसांच्या तुटवड्याने झालं.

युद्ध संपल्यावर सगळ्याच पलटणी कमी केल्या. यात जातीचा प्रश्न कुठे आला?

हा प्रश्न रास्त आहे. तिजोरी रिकामी होती, कपात सगळीकडे चालली होती आणि १९२२ मध्ये सगळ्या हिंदी पायदळाची फेररचना झाली. युद्धकाळात उभ्या राहिलेल्या कितीतरी तुकड्या मोडल्या. मराठा शिपायांनाही मोठ्या संख्येने घरी पाठवलं.

फरक असा, की मराठा शिपायाची नोकरी गेली तरी मराठा पलटणी राहिल्या. ५ वी मराठा लाइट इन्फन्ट्री फेररचनेतून एकत्र बांधलेली बाहेर पडली. परत आलेल्याच्या धाकट्या भावाला, पुढे मुलाला तिथे जागा होती. गावात भरतीचा साहेब येत राहिला. महारांची मात्र एकच पलटण होती, ती मोडली आणि मागे काहीच उरलं नाही. माणसाबरोबर जागाही गेली. कपात सगळ्यांची झाली हे खरं, पण नाव कायमचं पुसलं गेलं ते काहींचंच.

डिस्चार्ज झालेल्यांना पेन्शन मिळाली का? जमीन?

जखमी झालेल्यांसाठी वेगळी पेन्शन असे. पण १९१७ ला भरती होऊन १९२१ ला बाहेर पडलेल्या धडधाकट शिपायाची नोकरीच्या पेन्शनीला लागणारी वर्षं कुठून भरणार? जुन्या पिढीतला सुभेदार पेन्शन घेऊन गावी येई. दर महिन्याची बांधलेली रक्कम असली की त्याला कोणाच्या दारात जावं लागत नसे. नव्या पिढीच्या वाट्याला ते आलं नाही.

जमिनीचं म्हणाल तर पंजाबात कालव्यांच्या नव्या वसाहती होत्या, सरकारने तिथे शिपायांना जमिनी दिल्या. मुंबई इलाख्यात असे कालवे नव्हते, वाटायला तशी जमीनही नव्हती.

घरी परतल्यावर त्यांना कोणती कामं मिळाली?

आधी गाव कसं होतं ते बघा. १९१८ साली पाऊस दगावला. त्याच वर्षी इन्फ्लुएंझाची साथ मुंबई बंदरातून देशभर गेली, घरंच्या घरं बसली. युद्धामुळे धान्य, कापड, रॉकेल सगळं महागलेलं. घरी येणारी मनी ऑर्डर थांबली ती अशा दिवसांत.

गावात महाराला एक काम कायम होतं, ते म्हणजे वतन. पहाऱ्याला बसायचं, सरकारी टपाल आणि वसुली पोचवायची, साहेब आला की त्याचं सामान वाहायचं, मेलेली गुरं ओढायची. हातात काठी, अंगावर घोंगडी. बदल्यात बलुतं, म्हणजे खळ्यावर मिळणारं धान्य, दारोदारची भाकर आणि हाडकी हाडवळ्याचा जमिनीचा तुकडा. १८७४ च्या वतन कायद्याने हे काम बांधून टाकलेलं होतं. बोलावणं आलं की रात्री-अपरात्री जायचं, आणि घरातला कर्ता नसेल तर दुसऱ्या कोणी जायचं. काल खांद्यावर बंदूक घेऊन कवायत करणारा माणूस आज पाटलाच्या ओट्याखाली हात जोडून उभा राहायचा. पगाराच्या कोष्टकात हे दिसत नाही.

ज्यांना ते सोसलं नाही त्यांनी गाव सोडलं. खडकीचा दारूगोळ्याचा कारखाना, रेल्वेची वर्कशॉप्स, मुंबईची गोदी, नागपूरच्या गिरण्या, कामठीकडची विडी. छावणीच्या भागात लष्कराचीच मजुरी मिळायची, फक्त गणवेशाशिवाय.

मुंबईच्या गिरण्यांचं उदाहरण जवळून बघण्यासारखं आहे. सूतकताईच्या खात्यात महारांना घेत. पण साचेखात्यात, म्हणजे कापड विणायच्या विभागात, त्यांना शिरकाव नव्हता आणि जास्त पगार नेमका तिथेच होता. कारण काय? धोटा म्हणजे मागावर आडवा धागा नेणारं साधन. त्यातली कांडी संपली की विणकर नवी कांडी घालतो आणि धाग्याचं टोक धोट्याच्या बारीक भोकाला तोंड लावून श्वासाने ओढून घेतो. एकाचा धोटा दुसऱ्याच्या हाती जायचा. महाराच्या ओठाला लागलेला धोटा आपल्या तोंडी कसा लावायचा, एवढ्यावर ते खातं बंद होतं. १९२८ च्या मोठ्या संपाच्या वेळी डॉ. आंबेडकरांनी कामगार पुढाऱ्यांसमोर हाच मुद्दा मांडला. एका श्वासाएवढ्या धाग्यावर हजारो माणसांचा पगार अडलेला होता, आणि त्यांत पलटणीतून आलेलेही होते.

पोलिसात का गेले नाहीत?

तिथलंही दार बहुतेक बंदच होतं. १९१० च्या अर्जात पोलिसाची मागणी होती ती त्यामुळेच.

नोकरीबरोबर आणखी काय गेलं?

माझ्या मते सगळ्यात मोठं नुकसान शाळेचं झालं. कंपनीच्या काळापासून पलटणीत शाळा असत. शिपायांच्या मुलांना शिकणं सक्तीचं होतं, मुलींनासुद्धा. मोठ्या माणसांसाठी रात्रीचे वर्ग भरत. ज्या काळात गावच्या शाळेत महाराच्या मुलाला ओसरीवरही बसू देत नसत, त्या काळात पलटणीतल्या महार बायका पोथ्या वाचत.

सुभेदार रामजी सकपाळ याच व्यवस्थेतून आले. सैन्यातल्या शाळेत त्यांनी चौदा वर्षं मुख्याध्यापकाचं काम केलं. १४ एप्रिल १८९१ ला महूच्या छावणीत त्यांचं चौदावं अपत्य जन्मलं, ते भीमराव. रामजींचे वडील मालोजी सैन्यात होते आणि सासरे मुरबाडकर सुभेदार मेजर. निवृत्तीनंतर कुटुंब काप दापोलीला आलं, मग साताऱ्याला. रामजींनी पुढे सातारा जिल्ह्यात दुष्काळी तलावाच्या कामावर खजिनदाराची नोकरी केली. हाताशी पेन्शन, अंगात शिस्त आणि घरात पुस्तकं होती म्हणून मुलगा एल्फिन्स्टनपर्यंत पोचला. रामजी एक पिढी उशिरा भरतीला गेले असते तर त्यांना रांगेतूनच परत पाठवलं असतं. भरती बंद झाल्यामुळे असे किती रामजी आणि किती भीमराव घडलेच नाहीत, याचा हिशेब कोणाजवळ नाही.

हे शिपाई इंग्रजांच्या नोकरीत होते. त्यांच्या नोकऱ्यांचं दुःख आपण का करावं?

त्या सैन्यात मराठे, शीख, राजपूत, ब्राह्मण सगळे होते. त्यांच्या गावांतून आपण अभिमानाने स्मारकं उभारतो, आणि ते योग्यच आहे. साताऱ्याजवळच्या अपशिंगे गावाला तर 'मिलिटरी अपशिंगे' असंच नाव पडलंय. पोटासाठी आणि मानासाठी पलटणीत गेलेल्या माणसाला मापायचं तर सगळ्यांना एकाच मापाने मापावं. गावात ज्याच्या सावलीचा विटाळ होत होता, त्याला पगार, गणवेश आणि अक्षरओळख देणारी एकच जागा होती. तो तिथे गेला यात मला त्याचा दोष दिसत नाही.

महाडच्या सत्याग्रहाशी या शिपायांचा काय संबंध?

जवळचा. १ जानेवारी १९२७ ला कोरेगावच्या स्तंभापाशी सभा झाली. ती भरवण्यात शिवराम जानबा कांबळे होते आणि डॉ. आंबेडकर तिथे बोलले. ज्यांनी सरकारसाठी प्राण दिले त्यांनाच सरकारने सैन्याबाहेर ठेवलं, हा त्या भाषणाचा रोख होता. त्यानंतर अडीच महिन्यांत, १९ आणि २० मार्चला, महाडला परिषद भरली आणि चवदार तळ्याचं पाणी प्यायलं गेलं. महाड-दापोलीचा हा पट्टा म्हणजे पेन्शनरांचा आणि माजी शिपायांचा पट्टा. वलंगकर इथलेच. परिषदेला आलेल्यांत पलटणीतून आलेली माणसं होती. त्या दिवशी सत्याग्रहींवर हल्ला झाला, लोक उलटून जायच्या तयारीत होते, आणि बाबासाहेबांनी त्यांना आवरलं. हुकूम पाळायची सवय असलेली माणसं गर्दीत असण्याचं महत्त्व अशा वेळी कळतं.

असं फक्त महारांच्याच वाट्याला आलं का?

नाही. मझबी शिखांच्या पायोनियर पलटणी, म्हणजे रस्ते-खंदकांची कामंही करणारं पायदळ, १९३२-३३ मध्ये गेल्या. मद्रासची पलटण १९२८ मध्ये मोडली. चमार रेजिमेंट १९४३ मध्ये उभी राहिली, कोहिमाच्या बाजूला लढली आणि १९४६ मध्ये मोडली, ती आजतागायत परत आली नाही. मझबी आणि मद्रासी पलटणी दुसऱ्या महायुद्धाच्या धामधुमीत पुन्हा उभ्या राहिल्या.

महार रेजिमेंट आज आहे. ती कधी आली? दुसऱ्या महायुद्धानंतर पुन्हा तेच झालं का?

जुलै १९४१ मध्ये डॉ. आंबेडकरांची व्हाइसरॉयच्या संरक्षण सल्लागार मंडळावर नेमणूक झाली. महारांची स्वतंत्र पलटण हवी हा आग्रह त्यांनी तिथे लावून धरला, आणि समाजाला भरती व्हायचं आवाहन केलं. १ ऑक्टोबर १९४१ ला बेळगावला पहिली बटालियन उभी राहिली, पुढे कामठीला दुसरी. टोपीवरच्या बिल्ल्यावर कोरेगावचा स्तंभ होता. १८९४ पासूनच्या सगळ्या अर्जांमध्ये ज्याची आठवण होती, तो शेवटी टोपीवर आला.

१९४५ मध्ये युद्ध संपल्यावर साहजिकच १९२१ ची भीती होती. त्या रेजिमेंटची २५ वी बटालियन मोडली. पण या वेळी रेजिमेंट टिकली. ऑक्टोबर १९४६ मध्ये तिला मशिनगन रेजिमेंटचं रूप मिळालं. आज तिचं केंद्र मध्य प्रदेशात सागरला आहे, भरती सर्व समाजांतून होते आणि घोषवाक्य आहे 'यश सिद्धि'. जनरल कृष्णराव आणि जनरल सुंदरजी हे दोन लष्करप्रमुख याच रेजिमेंटचे. श्रीलंकेत नोव्हेंबर १९८७ मध्ये धारातीर्थी पडलेले मेजर रामस्वामी परमेश्वरन हे ८ महारचे, त्यांना परमवीर चक्र मिळालं.

आणि गावातलं वतन? ते कधी सुटलं?

१९५८ च्या कायद्याने. डॉ. आंबेडकर १९२८ पासून ते रद्द व्हावं म्हणून झगडत होते. कायदा झाला तेव्हा ते हयात नव्हते.

इथे जातीचं नाव का वापरलंय?

पलटणीचं आणि आजच्या रेजिमेंटचं अधिकृत नावच ते आहे, आणि जुन्या अर्जांमध्ये त्या माणसांनी स्वतःला हेच नाव लावलं. या घरांतली बहुतेक कुटुंबं १९५६ नंतर बौद्ध झाली आहेत. आज त्यांच्याबद्दल बोलताना बौद्ध म्हणावं. आणि हा शब्द कोणाला हिणवण्यासाठी वापरणं गुन्हा आहे.

आमचे पणजोबा पलटणीत होते असं घरात सांगतात. नोंद कुठे मिळेल?

आधी घर शोधा. पत्र्याची पेटी, देव्हाऱ्यामागची पिशवी, जुन्या फोटोच्या चौकटीमागचा पुठ्ठा. डिस्चार्जच्या कागदावर शिपाई क्रमांक, पलटणीचं नाव, गाव, तालुका आणि शेरा असतो. क्रमांक मिळाला तर अर्धं काम झालं. पदक असेल तर त्याच्या कडेवर बारीक अक्षरांत नंबर आणि नाव ठोकलेलं असतं, भिंग घेऊन बघा. ब्रासो लावून घासू नका, अक्षरं झिजतात.

पणजोबा युद्धात कामी आले असतील तर कॉमनवेल्थ युद्धसमाधी आयोगाच्या ऑनलाइन यादीत नाव शोधता येतं. इंग्रजीत नावाचं स्पेलिंग कसंही केलेलं असतं, तेव्हा चार-पाच प्रकारे लिहून बघा आणि शेवटी 'नाक' असलेली रूपंही धरा. जिवंत परत आले असतील तर काम कष्टाचं आहे. मुंबईत आणि पुण्यात राज्याची पुराभिलेखागारं आहेत, लष्करी खात्याचे बरेच जुने कागद लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत आहेत. घरातल्या म्हाताऱ्या माणसांना आजच विचारा, आणि सांगतील ते मोबाइलवर रेकॉर्ड करून ठेवा: कुठल्या छावणीचं नाव ऐकलंय, बोटीतून गेले होते का, परत आल्यावर आधी कोणतं काम धरलं, कोणत्या गिरणीत, कोणत्या चाळीत राहिले. गावच्या भिंतीत दगडी पाटी असेल तर चुना फासायच्या आधी तिचा फोटो काढा.